माझी माय चित्राला बसते

माझी माय चित्रकलेच्या कॉलेजात बसायचं काम करते. वर्गाच्या मधोमध एक बुटका लाकडी चौथरा असतो, त्यावर खुर्ची, खुर्चीत माय, आणि भोवती पोरं-पोरी आपापले ईझल लावून तिला रंगवत असतात. कुणी विचारलं की मी हे असंच सांगते. सांगितल्यावर समोरचा हळूच विचारतो, "म्हणजे मॉडेल?" मी म्हणते, हो, मॉडेल.

त्याआधी ती लोकांकडं धुणीभांडी करायची. साबणानं तिच्या हातांची सालं निघायला लागली, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, आणि डॉक्टरांनी पाण्यात हात घालायचा नाही म्हणून बजावलं. ज्या घरी ती सगळ्यात जास्त वर्षं कामाला होती, तिथल्या बाईंचे मिस्टर या कॉलेजात शिकवायचे. व्यक्तिचित्राच्या वर्गाला बसायला त्यांना कायम कुणीतरी लागायचं. एखाद्या म्हाताऱ्याला रस्त्यावरून बोलावून आणलं, तर दुसऱ्या दिवशी तो फिरकायचाच नाही आणि पोरांची चित्रं अर्धवट राहायची. बाईंनी मायला विचारलं. मायनं उलट विचारलं की बसून करायचं काय? बाई म्हणाल्या, काही नाही, फक्त हलायचं नाही.

मायला हसू आलं होतं. पण पहिल्या दिवशी घरी आली ती मान धरूनच. पाठ आखडली होती, डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि नाकाला खाज सुटली तेव्हा तिनं ती कशी सोसली हे ती आम्हाला जेवताना सांगत होती. "काय न करता बसणं लई अवघड हाय," ती म्हणाली. मी आणि बाबा हसलो. तीही हसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेली.

हळूहळू तिला ते जमत गेलं. समोरच्या भिंतीवरचा एखादा खिळा धरायचा आणि नजर तिथंच ठेवायची. श्वास पोटातून घ्यायचा, म्हणजे खांदे हलत नाहीत. मधल्या सुट्टीत ती उठायची तेव्हा पोरं तिच्या पायांभोवती आणि खुर्चीच्या पायांभोवती खडूनं खुणा करून ठेवायची, आणि परत आल्यावर माय त्या खुणांत बरोबर पाय ठेवायची. घड्याळ बघायचं तिनं सोडलं होतं. विहारात म्हणायची गाणी ती मनातल्या मनात पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणत राहायची. गाणी संपत आली की सुट्टी व्हायची. एखादं चित्र आठवडाभर चाललं तर आठवडाभर तीच साडी, तोच भांग, कानात तेच टॉप्स. रोज संध्याकाळी मी ती साडी धुवून वाळत घालायचे आणि सकाळी माय तीच नेसायची. त्या दिवसांत ती कुणाकडं बारशालासुद्धा ती साडी नेसून जायची नाही, डाग पडला तर पोरांचं चित्र बिघडेल म्हणून.

आमच्या गल्लीत मात्र वेगळंच बोलणं सुरू झालं होतं. तिथं बायांना कपडे काढून बसवतात, असं कुणीतरी कुणाला सांगितलं. ते फिरत फिरत पैठणला मामाच्या कानावर गेलं आणि मामा पुढच्याच एसटीनं घरी आला. तो मायशी बोललाच नाही. तिला ऐकू जाईल अशा बेतानं बाबांशी बोलत राहिला. घरात लग्नाची पोरगी आहे, लोकांची तोंडं धरता येत नाहीत, वगैरे. बाबा वाळूजला कंपनीत कामाला. बोलणं कमी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मामाला दुसऱ्या दिवसापर्यंत थांब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कामावर खाडा केला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मायबरोबर कॉलेजात गेले. सरांना, म्हणजे त्या बाईंच्या मिस्टरांना, विचारून वर्गात मागच्या बाकावर बसले आणि सकाळचा अख्खा तास त्यांनी काढला. घरी आले तेव्हा मामा चहा पीत होता. बाबांनी चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि मग मामाला म्हणाले, "तिथं तिला सगळे मावशी म्हणतात. ती खुर्चीत बसली की वर्गात कुणी मोठ्यानं बोलत नाय. मला कंपनीत इतकी वर्षं झाली, माझ्यासाठी अजून कुणी गप्प बसलं नाय."

मामानं चहा संपवला. जेवून पैठणला परत गेला. गल्लीतलं बोलणं लगेच थांबलं असं नाही. पण बाबा पारावर, दुकानावर जिथं विषय निघेल तिथं तेच सांगत राहिले, आणि ते कधी वाद घालणारे नव्हेत हे सगळ्यांना माहीत असल्यामुळं लोकांनी ते ऐकून घेतलं.

पुढं एका वर्षी सरांनी वर्गात एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात परदेशातलं, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं एक चित्र होतं. खोलीत खुर्चीवर बसलेली एक बाई. सरांनी ते पुस्तक मायच्या शेजारी स्टुलावर उभं करून ठेवलं आणि पोरांना सांगितलं की आज मावशींकडं बघा आणि या बाईकडंही बघा. सुट्टीत मायनं ते चित्र जवळून पाहिलं. एका पोरीनं त्याचा फोटो काढून माझ्या मोबाइलवर पाठवला, कारण मायला तो आम्हाला दाखवायचा होता.

संध्याकाळी आम्ही तिघंही त्या एवढ्याशा पडद्यावर वाकून बसलो. बाईचा झगा गडद निळा, मागची भिंत विटकरी आणि एका बाजूला कललेली. चेहऱ्याची एक बाजू पिवळी, दुसरी चक्क हिरवी. डोळे दोन काळे फटकारे मारावेत तसे. मला ते अपुरं राहिल्यासारखं वाटलं. बाबांनी विचारलं की बाईला कावीळबिवीळ होती काय. माय बराच वेळ बघत होती. तिनं चेहऱ्यावरून बोट खाली नेलं आणि मांडीवरच्या हातांवर ठेवलं.

"हे हात बघ," ती म्हणाली. "लई वेळ बसलीय ही. कंटाळलीय, पण उठली नाय."

सरांनी वर्गाला सांगितलं होतं की ती चित्रकाराची बायको होती आणि त्यानं तिला पुन्हा पुन्हा बसवून अशी कितीतरी चित्रं काढली. त्या काळी लोक त्या चित्रांना हसले होते. मायला त्या बाईचं नाव विचारायचं होतं, पण पुस्तकात चित्राखाली चित्रकाराचं तेवढं नाव होतं. हे तिनं आम्हाला सांगितलं आणि भाकरी टाकायला उठली.

ज्या पोरीनं फोटो पाठवला ती पाचोडच्या पलीकडच्या एका खेड्यातली. घरी मेंढरं. बाप अजून कळपामागं फिरायचा आणि ती होस्टेलवर राहून शेवटच्या वर्षाला शिकत होती. बोलायला अगदी बुजरी. थंडीच्या दिवसांत एकदा ती मायबरोबर आमच्या घरी आली आणि चहा पिऊन झाल्यावर मला म्हणाली की तिला मावशींचं चित्र घरी, खोलीत काढायचं आहे. वर्गातला चौथरा नको, तिथला पांढरा उजेड नको. रविवारी आलं तर चालेल का? मी मायकडं बघितलं. माय म्हणाली, चालेल, पण पोरीनं जेवायलाही इथंच राहायचं.

त्या रविवारांमुळं मी मायला पहिल्यांदा तिचं काम करताना पाहिलं. आमची खोली एकच, निळ्या ऑइलपेंटची. भिंतीला स्टीलच्या भांड्यांची मांडणी, कोपऱ्यात फ्रीज, खिडकीपाशी लाल प्लास्टिकची खुर्ची. शेजाऱ्यांनी गॅलरीला हिरवी जाळी लावली होती, तिच्यातून ऊन गाळून आत यायचं. माय जांभळी साडी नेसून त्या खुर्चीत बसली. पदर सारखा केला, हात मांडीवर एकावर एक ठेवले, आणि मग तिच्यात काहीतरी बदललं. मान ताठ झाली. चेहऱ्यावरचं घरातलं सगळं, म्हणजे गॅसवर काय आहे, दार वाजलं का, हे सगळं उतरलं. एखादी मोठी बाई आमच्या घरी येऊन बसावी आणि आपण तिच्यासमोर जरा सावरून उभं राहावं, तसं मला झालं. मी फरशी पुसायची ठेवून नुसती बघत राहिले. शेजारीण दारात आली, तिनंही हळू आवाजात विचारलं की काय चाललंय, आणि उंबऱ्यावरच टेकली.

पोरगी झपाट्यानं काढायची. खोलीभर टर्पेंटाइनचा वास भरायचा. पहिल्या रविवारीच तिनं खुर्चीचा लाल आणि साडीचा जांभळा असे दोन मोठे सपाट तुकडे भरून टाकले. भांड्यांची मांडणी तिच्या कॅनव्हासवर तिरपी झाली, जणू आता सगळे पेले घरंगळणार. पुढच्या रविवारी चेहरा. मायच्या गालावर तिनं हिरवा रंग लावला, कपाळावर विटेचा, आणि मग ब्रश हातात धरून थांबली. तिचा चेहरा उतरला होता. मावशी, तुम्हाला वाईट वाटेल, असं काहीतरी ती पुटपुटली, आणि रंग पुसायला फडकं शोधायला लागली.

माय हलली नाही. ओठ जेमतेम हलवून म्हणाली, "तुला दिसतंय तसं काढ. मी काय आरशात बघायला बसले नाय."

पोरीनं फडकं खाली ठेवलं. त्यानंतर ती घाबरल्यासारखी कधी दिसली नाही.

चित्र पूर्ण झालं तेव्हा तिनं ते फ्रीजला टेकवून ठेवलं आणि आम्ही सगळे समोर उभे राहिलो. माय त्यात दिसत होती आणि दिसतही नव्हती. नाक तिचं नव्हतं. पण ती खुर्चीत ज्या रीतीनं बसली होती, ते बसणं कुणीही ओळखलं असतं. हात फार मोठे काढले होते, पेरं जाड, आणि बोटांवर चिरांच्या जागी तिनं निळ्या रेघा ओढल्या होत्या. मायनं आपले हात समोर धरून चित्रातल्या हातांशी ताडून पाहिले. मग म्हणाली, बरोबर हाय. मी पोरीला विचारलं की चेहऱ्यावरचा हिरवा त्या जाळीतून आला का. ती म्हणाली, "थोडा उजेडातला. थोडा माझा."

त्याच सुमारास मला एक स्थळ आलं. मुलगा शहरातलाच, वीज कंपनीत. वडील नव्हते. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, सिडकोत राहायच्या. मी तेव्हा एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होते, अजूनही करते. ते बघायला येणार म्हणून मामा आदल्या दिवसापासून येऊन बसला होता. त्यानं मायला समजावलं की विचारलं तर कॉलेजात नोकरीला आहे एवढंच म्हणायचं, पुढं कुणी विचारत नाही. माय हो म्हणाली नाही आणि नाही म्हणाली नाही.

पाहुणे आले. जयभीम झाला, पोहे झाले, चहा झाला. मग मुलाच्या आईंनी मायला विचारलं की तुम्ही कुठं असता. माय म्हणाली, "चित्रकलेच्या कॉलेजात. मी चित्राला बसते."

त्यांना कळलं नाही. मायनं नीट सांगितलं, पोरं माझ्याकडं बघून माणूस काढायला शिकतात, मी तोवर हलत नाही. बाईंनी कप बशीत ठेवला आणि विचारलं, नुसतं बसून असता? व्हय, माय म्हणाली. मामा जमिनीकडं बघत होता. बाकीचं बोलणं लवकर आटोपलं. जाताना बाई कळवतो म्हणाल्या, आणि बरेच दिवस काही कळवलं नाही. मामानं फोनवरून मायला खूप ऐकवलं. मायनं ऐकून घेतलं आणि सांगितलं की खोटं बोलून पोरगी दिली असती, तर त्या घरी मी कुठल्या तोंडानं जाऊन बसले असते?

मला त्या मुलाचा राग नव्हता. तो आला तेव्हा मला आवडला होता, आणि त्याच्या आईसुद्धा वाईट वाटल्या नव्हत्या. त्यांना ते काम डोळ्यांपुढं आणता येत नव्हतं, इतकंच. म्हणून कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन लागलं तेव्हा मी त्याला स्वतः फोन केला. त्यानं ओळखलं, थोडा गडबडला. मी म्हटलं, "तुमच्या आईंना घेऊन प्रदर्शनाला या. नाही म्हणायचं असेल तर बघून नाही म्हणा."

त्या दिवशी आम्ही सकाळीच पोहोचलो. दारातून आत गेल्यावर समोरच्या भिंतीवर ते एकच चित्र लावलं होतं, आणि खाली पहिल्या बक्षिसाची चिठ्ठी. पोरीचे आईवडील गावाकडून आले होते. वडिलांनी नवा फेटा बांधला होता. माय सावकाश चालत चित्रापर्यंत गेली. चित्राच्या बाजूला छोटी पांढरी पट्टी होती, तिच्यावर काहीतरी लिहिलं होतं. माय चौथीपर्यंत शिकलेली. ती पुढं वाकली आणि एकेक अक्षर लावत वाचू लागली. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. बाजूच्या भिंतींवरच्या चित्रांखाली 'बसलेली स्त्री', 'वृद्ध', 'अभ्यासचित्र' असं होतं. इथं मायचं नाव होतं. तिचं, मग बाबांचं, मग आमचं आडनाव.

सरांनी मला नंतर सांगितलं की त्यांनी आधी 'बसलेली स्त्री' असं सुचवलं होतं, तसा रिवाज असतो. ती पोरगी वर्गात कधी तोंड उघडायची नाही, पण यावेळी ऐकेना. ज्यांचं चित्र आहे त्यांचं नाव मला माहीत आहे, मग लपवू कशाला, असं ती म्हणाली. हे सांगताना सरांचा चेहरा खुलला होता.

मायनं वाचून संपवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग ती पोरीकडं वळली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. पोरीचे वडील फेटा सांभाळत पुढं आले आणि मायपुढं वाकायला लागले. मायनं त्यांना मध्येच धरलं. तिकडं बाबांचं वेगळंच चाललं होतं. आयुष्यात अनोळखी माणसाशी आपणहून न बोललेले माझे बाबा चित्रापाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की ही खुर्ची आमच्या घरची, ही भांडी आमची, आणि हा हिरवा रंग थोडा उजेडातला आहे.

दुपारी ते मायलेक आले. बाई चित्रासमोर उभ्या राहिल्या, चष्मा लावून त्यांनी पट्टी वाचली, आणि मागं सरकून पुन्हा चित्र पाहिलं. मी जवळ गेले नाही. मायच त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"हे तुम्ही," बाई म्हणाल्या.

"व्हय."

"तोंड हिरवं का काढलंय?"

"तिला तसं दिसलं."

बाई पुन्हा चित्राकडं बघू लागल्या. मग त्यांनी विचारलं की असं बसल्यावर मनात काय येतं. मायनं त्यांना विहारातल्या गाण्यांचं सांगितलं, खिळ्याचं सांगितलं, श्वासाचं सांगितलं. बाईंनी स्वतःचे खांदे न हलवता श्वास घेऊन पाहिला. ते मला लांबून दिसलं. नंतर त्या दोघी एका बाकावर बसून बराच वेळ बोलत होत्या. बाई सांगत होत्या की शाळेत इतकी वर्षं पोरांना हलू नका, हलू नका म्हणून ओरडण्यात गेली. त्यावर माय हसली.

दोन दिवसांनी त्यांचा होकार आला. लग्न विहारात झालं आणि ती पोरगी माझ्याकडून करवली म्हणून मिरवली. मामानं जेवणाची सगळी व्यवस्था बघितली, आणि पाहुण्यांना बहिणीचं चित्र कॉलेजात लागलंय हेही त्यानंच सांगितलं.

सासूबाईंना ते चित्र अजून आवडत नाही. नाक चुकलंय, असं त्यांचं ठाम मत आहे. पण त्यांच्या बहिणी जालन्याहून आल्या की त्या रिक्षा करून त्यांना कॉलेजात नेतात, कारण चित्र कॉलेजनं ठेवून घेतलंय आणि ते आता जिन्याच्या वर लावलंय. तिथं त्या सगळ्यांना पट्टी वाचायला लावतात आणि सांगतात की ही आमची विहीणबाई.

ती पोरगी आता पैठणच्या एका शाळेत चित्रकला शिकवते आणि सुट्टीत आमच्याकडं येते. मायचे गुडघे दुखतात, म्हणून ती आठवड्यातले थोडेच दिवस जाते. नव्या वर्गात सध्या तिचं चित्र चाललंय. परवा फोनवर सांगत होती की एका पोरानं तिला इतकं बारीक काढलंय की ओळखूच येत नाही, आणि उद्या लवकर जायचंय, कारण खुर्चीखालच्या खुणा कुणीतरी पुसल्यात आणि पोरांना सगळं नव्यानं जुळवून द्यावं लागणार आहे.